खोडदच्या तारा, कृष्णविवरांचा धूर

२७ फेब्रुवारी २०२० रोजी नासाने एक शोध जाहीर केला. महास्फोटानंतर विश्वात झालेला, माणसाला माहीत असलेला सर्वांत मोठा स्फोट सापडला होता. ठिकाण होतं भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवरचा एक दीर्घिकासमूह. त्याच्या मध्यावरच्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराने कधीकाळी असे झोत सोडले की आसपासच्या तप्त वायूत प्रचंड खळगा पडला. आपल्या आकाशगंगेसारख्या पंधरा दीर्घिका एका ओळीत मांडल्या तरी त्या खळग्यात मावतील. पुरावे चार दुर्बिणींचे होते. चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणी, ऑस्ट्रेलियातली मर्चिसन वाइडफील्ड ॲरे ही रेडिओ दुर्बीण, आणि चौथी पुणे जिल्ह्यातल्या खोडदची.

खोडद जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला. लोकसभेच्या नकाशावर शिरूर मतदारसंघात. मीना आणि कुकडीचं पाणी इथल्या शिवारातून पुढे घोडला मिळतं. घोड शिरूर गावाला लागून वाहते, म्हणून तर जुनी माणसं शिरूरला घोडनदीच म्हणतात. मग ती भीमेला मिळते आणि भीमा दौंडकडे निघते. शिरूर-दौंडच्या माणसाला खोडद लांबचं वाटतं, पण वाटेवरच्या ओढ्या-नद्यांनी ते त्याच्याशी जोडलेलंच आहे. कांदा, ऊस, द्राक्षं, टोमॅटो यांच्या या पट्ट्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० जाळीदार तबकड्या उभ्या आहेत. त्यांचं नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सगळ्यांच्या तोंडी जीएमआरटी.

कृष्णविवरातून काहीच बाहेर पडत नाही, हे शाळेत शिकलेलं असतं. मग हे झोत कुठले? ते विवराच्या आतून येत नाहीत, त्याच्या उंबऱ्याबाहेरून येतात. विवराकडे ओढला जाणारा वायू थेट आत पडत नाही, भोवती चकतीसारखा फिरत राहतो. चकतीच्या आतल्या कडेला तो लाखो-कोटी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण सोडतो. यातलाच काही माल, चुंबकीय क्षेत्राच्या तडाख्यात सापडून, चकतीच्या वर आणि खाली दोन विरुद्ध दिशांना जवळपास प्रकाशाच्या वेगाने फेकला जातो. झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत जातात आणि रेडिओलहरी सोडतात.

दौंड तालुक्यात केडगाव-यवतच्या बाजूला ज्याने गुऱ्हाळ पाहिलंय, त्याला हे लवकर समजेल. चुलवाणात चिपाडं जळतात, तिथला जाळ म्हणजे क्ष-किरण. धुराड्यातून निघून शिवारावर पसरलेला धूर म्हणजे रेडिओ. जाळ आत्ता काय चाललंय ते सांगतो, धूर मघाशी काय झालं ते. चिपाडं वाढवली की बहुधा जाळ आणि धूर दोन्ही वाढतात. आपल्या आकाशगंगेतल्या लहान कृष्णविवरांची मोजमापं करून एलेना गालो, रॉब फेंडर आणि गाय पूली यांनी २००३ मध्ये हे नातं आकड्यात मांडलं. क्ष-किरण दहापट झाले, तर रेडिओ साधारण पाचपट होतो. पण चुलवाण अगदी लाल झालं की धूर जवळजवळ दिसेनासा होतो. कृष्णविवरांचंही तसंच आहे. चकती विशिष्ट तऱ्हेने तळपू लागली की झोत बंद पडतो.

आणि धुराचं आणखी एक. जाळ विझला तरी तो बराच वेळ रेंगाळतो. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर थकतात. कमी ऊर्जेचे, म्हणजे लांब लहरी सोडणारे, कोट्यवधी वर्षं टिकतात. त्यामुळे एखाद्या कृष्णविवराचा इतिहास वाचायचा असेल तर लांब लहरींची, मीटरभर लांबीच्या लहरींची दुर्बीण लागते. ‘मीटरवेव्ह’ हा शब्द खोडदच्या दुर्बिणीच्या नावातच आहे. गंमत म्हणजे ती बांधली मात्र दुसऱ्याच कामासाठी.

या कहाणीची सुरुवात कल्याणला होते. गोविंद स्वरूप हे उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाऱ्याचे. स्टॅनफर्डमध्ये डॉक्टरेट करून ते १९६३ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. सिडनीजवळच्या पॉट्स हिलमध्ये वापरून झालेल्या सहा फुटी ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारताला दिल्या होत्या. त्या स्वरूप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी कल्याणला मांडल्या आणि १९६५ मध्ये तिथून सूर्याची निरीक्षणं सुरू झाली. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राचा पहिला संसार असा सेकंड हँड भांड्यांवर उभा राहिला.

पुढचा मुक्काम उटी. तिथे १९७० मध्ये डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा एक परवलयाकार पन्हळ उभा राहिला. उतार असा निवडला की तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहावा, म्हणजे एकाच अक्षावर फिरवून साडेनऊ तास एकच तारा पकडता येतो. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोताला झाकतो तेव्हा त्याची खूण किती झपाट्याने पुसली जाते यावरून स्रोताचा आकार मोजता येतो. स्वरूप आणि विजय कपाही यांनी या युक्तीने शेकडो रेडिओ दीर्घिकांची मापं घेतली, म्हणजेच झोतांनी भरलेल्या फुग्यांची. दूरच्या दीर्घिका जवळच्यांपेक्षा वेगळ्या निघाल्या. विश्व पूर्वी आजच्यासारखं नव्हतं, असा त्याचा अर्थ. हा निष्कर्ष जयंत नारळीकर ज्या स्थिरस्थिती विश्वाची बाजू लढवत होते, तिच्या विरोधात जाणारा होता. पुढे नारळीकर आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करण्यासाठी पुण्यात आले आणि स्वरूप यांची संस्थाही त्याच गणेशखिंडच्या आवारात. दोन विरुद्ध पक्षांचे सेनापती एकमेकांचे शेजारी झाले. मराठी वाचकाने आयुकाचं नाव नारळीकरांमुळे ऐकलेलं असतं. शेजारच्या, स्वरूप यांच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचं नाव मात्र त्याच्या कानावर क्वचित पडतं. हा पक्षपात आता तरी संपावा.

खोडदचा विचार १९८४ च्या सुमाराचा. स्वरूप यांना विश्वाच्या बालपणीचे हायड्रोजनचे महाकाय ढग शोधायचे होते. हायड्रोजनची मूळ लहर २१ सेंटिमीटरची. इतक्या दुरून येताना ती ताणली जाऊन मीटरच्या पुढे जाते. म्हणून मीटरलहरींची दुर्बीण हवी होती. जागा निवडताना बऱ्याच अटी होत्या. माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी हवा, पुण्यासारखं औद्योगिक आणि शैक्षणिक शहर हाताशी हवं. चुंबकीय विषुववृत्तापासून इतकं उत्तरेला की वरचं आयनमंडल शांत असावं, आणि तरी दक्षिणेकडच्या आकाशाचा मोठा भाग दिसावा. १९ अंश अक्षांशावरचं, टेकड्यांच्या आडोशाचं हे खोरं या अटींत बसलं.

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचं गाव. फडांच्या राहुट्यांतून सुपाऱ्या ठरतात, यात्रांचे दिवस बांधले जातात. ढोलकीच्या कडकडाटाच्या या गावाला लागूनच, शांतता हवी म्हणून दुर्बीण यावी, हा योगायोग मजेशीर. पण ढोलकीचा दुर्बिणीला काडीचा त्रास नाही. त्रास होतो तो विजेच्या खांबावर फुटक्या चिनीमातीच्या वाटीशी होणाऱ्या ठिणगीचा, केबल टीव्हीच्या गळक्या बूस्टरचा, मोबाइल टॉवरचा. दुर्बिणीची माणसं अँटेना घेऊन शिवारात फिरत गोंगाट कुठून येतो ते शोधतात आणि वीज मंडळाला कळवतात. एखाद्या खगोलशास्त्रीय संस्थेच्या कामात वीजवाहिनीवरच्या ठिणग्या हुडकणं हे रोजचं काम असतं, हे बाहेरच्याला खरं वाटत नाही.

तबकड्यांची रचना हा खोडदचा खरा देशी भाग. ४५ मीटरची भरीव तबकडी करायची तर पोलादाचं वजन आणि वाऱ्याचा रेटा दोन्ही न परवडणारे. स्वरूप यांनी तो भार ताणलेल्या तारांवर नेला. पोलादी चौकटींमध्ये स्टेनलेस स्टीलच्या दोऱ्या ओढल्या आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी बसवली. जाळीची भोकं तबकडीच्या मध्याशी १० मिलिमीटर, काठाशी २०. लहर मीटरची, भोक सेंटिमीटरचं, त्यामुळे लहरीला ते जाणवतच नाही, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं तर जाळीतून ढग सरकताना दिसतात. रचनेचं अभियांत्रिकी गणित टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सने केलं. ३० पैकी १४ तबकड्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या मधल्या आवारात आहेत, उरलेल्या १६ पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन भुजांवर गावोगावी. सगळ्यांचा पसारा २५ किलोमीटरचा. प्रत्येकीचा संदेश ऑप्टिकल फायबरने मध्ये येतो आणि तिथे एकत्र होतो, म्हणजे २५ किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण असल्यासारखं बारीक दिसतं. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ती देशाला अर्पण झाली.

हायड्रोजनचे ते महाकाय ढग जसे अपेक्षित होते तसे हाती आले नाहीत. विश्वाच्या घडणीबद्दलची मतंच दरम्यान बदलली. पण लांब लहरींची दुर्बीण बांधून तयार होती आणि आकाशात धूर भरपूर होता.

पहिला मोठा धूर आपल्याच आकाशगंगेतला. गरुड तारकासमूहात सुमारे २८,००० प्रकाशवर्षांवर जीआरएस १९१५+१०५ नावाचं कृष्णविवर आहे. वजन सूर्याच्या सुमारे बारापट. १९९२ मध्ये रशियाच्या ग्रानात उपग्रहाला ते सापडलं. १९९४ मध्ये मिराबेल आणि रॉद्रिगेस यांनी त्याचे झोत अमेरिकेतल्या दुर्बिणीने पाहिले आणि ते प्रकाशापेक्षा वेगाने सरकत असल्यासारखे दिसले. तो भास असतो. झोत प्रकाशाच्या जवळपास वेगाने आणि काहीसा आपल्याकडे कलून येत असेल तर तसा हिशेब लागतो. २१ मार्च १९९६ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या आयआरएस-पी३ उपग्रहावर टाटा संस्थेची क्ष-किरण उपकरणं होती. त्यांनी याच विवराचे क्ष-किरण नेमाने भडकताना आणि मालवताना टिपले. जे. एस. यादव आणि सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला की चकतीचा आतला भाग विवरात गडप होतो आणि पुन्हा भरतो. मग २००१ च्या जून-जुलैमध्ये, लोकार्पणाच्याही आधी, खोडदच्या तबकड्या त्या दिशेने वळल्या. ईश्वर चंद्र, यादव आणि प्रमेश राव यांना त्या दिवसांत रेडिओचे एकामागून एक भडके मिळाले. भारतीयांनी आधी जाळ पाहिला होता, आता धूरही पाहिला.

मोठ्या विवरांची गोष्ट याहून रंगतदार. १९५३ मध्ये इंग्लंडच्या जोड्रेल बँकमध्ये रॉजर जेनिसन आणि बंगालचे मृणालकुमार दासगुप्ता यांना सिग्नस ए हा स्रोत एकाऐवजी दोन ढगांचा दिसला. मधली दीर्घिका शांत आणि दोन बाजूंना रेडिओचे फुगे. हे फुगे मधल्या विवराच्या झोतांनी भरतात, हे समजायला पुढची दोन दशकं गेली. खोडदने आणखी एक पायरी चढवली. काही दीर्घिकांत फुग्यांच्या आत दुसरी, लहान फुग्यांची जोडी असते. चिरंजीव कोणार, ध्रुवज्योती सैकिया आणि त्यांच्या पोलिश सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जे१४५३+३३०८ या दीर्घिकेचं वय काढलं. लांब लहरी खोडदच्या, तोकड्या अमेरिकेतल्या दुर्बिणीच्या. बाहेरची जोडी सुमारे ५ कोटी वर्षांची, आतली अवघी २० लाख वर्षांची निघाली. म्हणजे विवर पेटलं, विझलं आणि पुन्हा पेटलं. आनंद होता यांना २०११ मध्ये ‘स्पेका’ या दीर्घिकेत अशा तीन फेऱ्यांच्या खुणा दिसल्या. २०१३ मध्ये त्यांनी रॅड ॲट होम हा उपक्रम सुरू केला. त्यात विज्ञानाचे साधे विद्यार्थीही घरबसल्या खोडदच्या नकाशांत असे विझलेले फुगे शोधतात.

एक शोध तर निम्मा घोड खोऱ्यातला म्हणावा असा. जॉयदीप बागची यांच्या गटाने २०१४ मध्ये एक सर्पिल दीर्घिका मांडली, नाव आकड्यांचंच, २मॅसएक्स जे२३४५३२६८−०४४९२५६. सर्पिल दीर्घिका मोठे झोत सोडत नाहीत असं मानलं जायचं. हिचे रेडिओ फुगे टोकापासून टोकापर्यंत सुमारे ५० लाख प्रकाशवर्षं पसरलेले. रेडिओ नकाशांत खोडद होतंच, आणि प्रकाशाच्या वर्णपटासाठी आयुकाची आंबेगाव तालुक्यातली गिरवलीची दोन मीटर दुर्बीण वापरली गेली. पुढच्याच वर्षी एक्सएमएम-न्यूटनने तिच्याभोवती क्ष-किरणांत चमकणाऱ्या तप्त वायूचं आवरण पाहिलं.

भुजंगधारीतला खळगाही याच रेडिओ आणि क्ष-किरणांच्या मेळाने सिद्ध झाला. २०१६ मध्ये नॉर्बर्ट वेर्नर आणि सहकाऱ्यांना चंद्रा दुर्बिणीच्या चित्रात तप्त वायूची एक विचित्र वळणदार कड दिसली होती. झोतांनी पाडलेल्या खळग्याची भिंत असेल का, असा प्रश्न त्यांनी विचारला, पण लागणारी ऊर्जा इतकी अफाट होती की त्यांनाच ते पटेना. चार वर्षांनी सिमोना जाचिनतुच्ची यांनी खोडदच्या जुन्या नोंदी कपाटातून काढल्या, ऑस्ट्रेलियाच्या नोंदी शेजारी ठेवल्या. क्ष-किरणांत जिथे पोकळी, नेमका तिथेच रेडिओ गच्च भरलेला. ऊर्जा आधीच्या विक्रमी स्फोटाच्या पाचपट. ते विवर आता थंड आहे, झोत बंद आहेत, उरलाय तो म्हातारा धूर. जीएमआरटीने घेतलेल्या नोंदी जपून ठेवल्या जातात आणि पुढे जगातल्या कुणालाही मिळतात, याचं मोल अशा वेळी कळतं.

दरम्यान भारताला स्वतःची क्ष-किरण वेधशाळाही मिळाली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट अवकाशात गेली. तिच्यावरचं सीझेडटीआय हे उपकरण आयुकाच्या देखरेखीत चालतं. सिग्नस एक्स-१ या कृष्णविवराच्या जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांत त्याला ठळक ध्रुवण सापडलं. हे किरण चकतीचे नसून झोतातून येत असावेत, असा कयास त्यावरून बांधला गेला. खोडदही त्याच काळात बदललं. नव्या रूपात ही दुर्बीण १२० ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ सलग ऐकते. ती उभारणारे गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात वारले.

सलग ऐकण्याचा दुसरा अर्थ असा की गोंगाटाची दारंही वाढली. इथून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत फोफावली. खोडदच्या परिसरात मात्र उद्योग काढायचा तर दुर्बिणीचा ना-हरकत दाखला लागतो. रांजणगावात तरुणांना कंपनीचं काम मिळालं, खोडद-नारायणगावच्या वाट्याला तबकड्या आल्या, ही इथली जुनी कुरबुर आहे आणि ती खोटी नाही. पुणे-नाशिक रेल्वेने तिला धार आली. सरळ मार्ग नारायणगावजवळून जाणार होता. धावत्या गाडीच्या पेंटोग्राफवर ठिणग्या उडतात, त्यांचा रेडिओ गोंगाट जवळजवळ सगळ्या लहरींवर पसरतो, आणि गाडीची संदेशयंत्रणाही दुर्बिणीच्याच पट्ट्यात बोलते. केंद्रीय रेल्वे मंत्रालयाने याच कारणाने तो मार्ग नाकारला आणि शिर्डी-अहिल्यानगरवरून वळसा घालण्याचा पर्याय पुढे केला. शिरूरचे खासदार अमोल कोल्हे, जे स्वतः नारायणगावचे, त्यांनी मूळ मार्गाचा आग्रह धरला.

दोन्ही बाजूंची तक्रार रास्त आहे, पण निवाडा दुर्बिणीच्या बाजूने द्यावा लागेल. रूळ दुसरीकडून नेता येतात. ३० तबकड्या आणि त्यांच्याभोवतीचं शांत खोरं दुसरीकडे नेता येत नाही. मात्र जुन्नर-आंबेगावने चाळीस वर्षं जी शांतता राखली तिची भरपाई सरकारने चांगल्या रस्त्यांनी, शेतमाल प्रक्रियेच्या सोयींनी, विज्ञानशिक्षणाच्या मोठ्या केंद्राने करायला हवी. दरवर्षी २८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, खेड्यापाड्यांतल्या शाळांची मुलं बस भरभरून येतात, ते पुरेसं नाही. शिरूर-दौंडच्या शाळांनीही ती सहल एकदा करावी, गेटवर मोबाइल बंद करून. आणि नाशिकचं म्हणाल तर, आजही पुण्याहून रेल्वेने जायचं तर कल्याणवरून जावं लागतं, नाहीतर १८७८ मध्ये सुरू झालेल्या दौंड-मनमाड मार्गाने.